जीपी ट्रेनिंग करणाऱ्या मराठी डॉक्टरांना खुलं पत्र, सदरलंडहून

नमस्कार डॉक्टर मंडळी,

हे पत्र यूकेत जीपीचं, म्हणजे फॅमिली डॉक्टरचं, ट्रेनिंग करणाऱ्या, नुकतंच संपवलेल्या किंवा पुढच्या वर्षी अर्ज भरायचा विचार असलेल्या मराठी डॉक्टरांसाठी आहे. मी स्वतः डॉक्टर नाही. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला सदरलंड नावाचा भाग आहे, तिथल्या एका लहान सर्जरीत (इथे डॉक्टरांच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात) मी डिस्पेन्सर आहे, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेली औषधं मोजायची, लेबल लावायची, पिशव्या भरून पेशंटला द्यायच्या. इथे जवळपास केमिस्टचं दुकानच नाही त्यामुळे औषधं सर्जरीतूनच देतात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण गावाला डॉक्टर एकच, नाव लिहिलं की माणूस कळलाच. पेशंटबद्दल जे लिहिलंय त्यातही कोणाची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

मुद्दा सरळ सांगते. आमचे डॉक्टर एकाहत्तर वर्षांचे आहेत, त्यांना आता रिटायर व्हायचंय, जाहिराती देऊन झाल्या, त्यांच्या जागी यायला कोणी तयार नाही. मला तुम्हाला एवढंच सांगायचंय की ते अजून कामावर आहेत तोवर तुमच्यापैकी कोणीतरी इथे यावं, त्यांच्याबरोबर काही महिने काम करावं आणि मग ही सर्जरी हातात घ्यावी. ते गेल्यावर नाही, ते असताना. का ते पुढे लिहितेय, जरा लांबेल पण वाचा.

आधी जागा कशी आहे ते. सदरलंडचं क्षेत्रफळ सव्वापाच हजार चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या गोव्याच्या जवळजवळ दीडपट, आणि माणसं किती तर तेरा हजारांच्या आसपास. गोव्यात पंधरा लाखांच्या घरात आहेत. हा मुलूख पहिल्यापासून असा रिकामा नव्हता, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमीनमालकांनी मेंढ्या पाळण्यासाठी खोऱ्याच्या खोऱ्यांतली कुळं हाकलली, घरं जाळली, स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात आजही त्या घरांचे पडके दगड दिसतात. उरलेली माणसं किनाऱ्यालगत विखुरलेली. मोठं हॉस्पिटल म्हणजे इन्व्हरनेसचं रेगमोर, आमच्याकडून गाडीने दोन-अडीच तास, तेही बर्फ नसेल तर. रस्ता बराचसा एकाच गाडीच्या रुंदीचा, समोरून गाडी आली की कोणीतरी बाजूच्या जागेत थांबायचं, हात वर करायचा आणि पुढे जायचं.

डॉक्टर १९८३ साली आले. तेव्हा काइलस्क्यूला पूल नव्हता, खाडी ओलांडायला फेरी होती, हवा बिघडली की फेरी बंद आणि मग लेअर्गवरून भलामोठा वळसा. पूल पुढच्या वर्षी, १९८४ मध्ये झाला. मोबाईल नव्हते, त्यामुळे डॉक्टर व्हिजिटला गेले की घरचा फोन त्यांच्या बायकोने घ्यायचा, कोणाला काय होतंय ते लिहून ठेवायचं आणि डॉक्टर आत्ता ज्या रस्त्याने गेलेत त्या रस्त्यावरच्या घरांना फोन करून सांगायचं की गाडी दिसली तर थांबवा. ह्या कामाचा एक पैसा पगार त्या बाईंना कधी मिळाला नाही, हायलंडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या ह्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातल्या, कितीतरी डॉक्टरांच्या बायकांनी हेच केलं आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, म्हणून इथे लिहितेय.

आता त्यांचा दिवस. सकाळी आठला येतात, आदल्या दिवशीचे ब्लड रिपोर्ट आणि रेगमोरहून आलेली पत्रं बघतात, मग पेशंट सुरू. शहरात दहा मिनिटांची अपॉइंटमेंट असते ना, इथे पंधराची आणि बऱ्याचदा वीस होतात, कारण माणूस वीस मैलांवरून आलाय तर एकाच फेरीत गुडघा, बीपी, कानातला मळ आणि बायको हल्ली गोष्टी विसरते त्याची काळजी, सगळंच घेऊन आलेला असतो. रक्ताचे नमुने नेणारी व्हॅन दुपारी निघून जाते, ती चुकली की नमुना उद्यावर, त्यामुळे रक्त काढायचंय त्यांना सकाळीच बोलवायचं. जेवण बहुतेक उभ्यानेच. मग होम व्हिजिट, आणि इथे तीन व्हिजिट म्हटलं की अख्खी दुपार गेली. परत आले की माझ्याकडच्या प्रिस्क्रिप्शनवर सह्या, फोन, आणि कोणाची औषधं गावातल्या दुकानात ठेवायची, कोणाची डॉक्टर स्वतः जाताना देणार याचा हिशोब. स्कॉटलंडमध्ये २०११ पासून प्रिस्क्रिप्शनचे पैसे लागत नाहीत, त्यामुळे औषध परवडत नाही म्हणून घेतलं नाही असं इथे होत नाही, पण आणायला कोणी नाही म्हणून घेतलं नाही असं होतं. डॉक्टर त्यावर लक्ष ठेवून असतात, मला विचारतात की अमक्याची पिशवी गेली का, नसली गेली तर फोन करतात.

आजारही इथले वेगळे. एप्रिल ते ऑक्टोबर गोचिडी. त्यांच्यामुळे लाइम डिसीज होतो, हायलंडमध्ये तो बराच आहे, त्याची तपासणी करणारी स्कॉटलंडची लॅबसुद्धा रेगमोरलाच आहे. कातडीवर हळूहळू पसरत जाणारा लाल चट्टा दिसला की डॉक्टर रिपोर्टसाठी थांबत नाहीत, डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक चालू करतात, कारण सुरुवातीला टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. तुमच्यापैकी कोणी दोडामार्गकडे गोचिडीमुळे होणाऱ्या माकडतापाच्या दिवसांत काम केलं असेल तर गोचीड किती बारीक असते आणि काय करू शकते हे मी सांगायला नको. मग लँबिंग, म्हणजे मेंढ्या वितात तो हंगाम, तेव्हा कोकरांना बाटलीने दूध पाजणाऱ्यांच्या बोटावर ऑर्फचा, म्हणजे मेंढ्यांपासून लागणाऱ्या एका विषाणूचा, फोड येतो, दिसायला भयंकर, नवीन माणसाला वाटतं कापावं, पण कापायचं नाही, झाकून ठेवायचं, पाच-सहा आठवड्यांत आपोआप जातो. गरोदर बायकांना तेव्हा मेंढ्यांपासून लांब राहायला सांगायचं. मासेमारीवाल्यांच्या हातात घुसलेले गळ काढायचे. हे सगळं ट्रेनिंगच्या पुस्तकात एखाद्या ओळीत असतं, इथे दर वर्षी येतं.

पण आजार शिकता येतात हो. खरी गोष्ट माणसांची आहे. इथला क्रॉफ्टर, म्हणजे थोडी जमीन, थोड्या मेंढ्या आणि पोटासाठी आणखी दोन-तीन कामं करणारा माणूस, कधीच नीट सांगत नाही काय होतंय. विचारलं तर उत्तर एकच, तसं ठीकच आहे. डॉक्टरांना त्रास द्यायचा नाही ही त्यांची पद्धत आणि अभिमानसुद्धा. एकदा एक आजोबा बायकोची औषधं न्यायला आले, काउंटरवर माझ्याशी हवेबद्दल बोलले, पिशवी घेतली, निघाले. डॉक्टर खोलीतून बाहेर आले होते, त्यांनी खिडकीतून बघितलं की आजोबा शेजाऱ्याच्या गाडीत बसतायत. ते लगेच बाहेर गेले आणि विचारलं की आज गाडी स्वतः का नाही चालवत. तेव्हा कुठे आजोबांनी सांगितलं की सकाळी मेंढ्यांना चारा घालताना छाती जरा जड वाटली, हाताला मुंग्या आल्यासारखं झालं. ईसीजी काढला, हार्ट अटॅक. इथून अँजिओप्लास्टीपर्यंत दोन तासांत पोचणं अवघड, म्हणून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथेच दिलं आणि मग हेलिकॉप्टर. आजोबा परत आले, आजही औषधं न्यायला येतात.

मी त्या दिवशी काउंटरला उभी होते, माझ्याशी ते आजोबा दोन मिनिटं बोलले आणि मला काही कळलं नाही, कारण हा माणूस कुठेही जायचं तर स्वतःची गाडी स्वतःच चालवतो हे डॉक्टरांना चाळीस वर्षांपासून माहीत होतं. ही माहिती कुठल्या कॉम्प्युटरवर लिहिलेली नाही, आणि लिहिणार तरी कशी.

तुम्हाला वाटेल बाई भावनेच्या भरात बोलतेय. तर नॉर्वेचा एक अभ्यास आहे, २०२१ साली ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिसमध्ये आलेला, तिथल्या पंचेचाळीस लाख लोकांच्या नोंदींवरचा. ज्यांचा जीपी पंधरा वर्षांहून जास्त काळ तोच होता त्यांची तुलना एकच वर्ष झालेल्यांशी केली, तर रात्री-अपरात्री इमर्जन्सीला जाणं, हॉस्पिटलात भरती होणं आणि मृत्यू, तिन्ही साधारण २५ ते ३० टक्क्यांनी कमी निघाले. आता इथे डॉक्टर गेले की काय होतं ते आजूबाजूला बघितलंय. सर्जरी हेल्थ बोर्ड, म्हणजे ह्या भागाची सरकारी आरोग्य यंत्रणा, चालवायला घेतं आणि लोकम, म्हणजे तात्पुरते बदली डॉक्टर येतात, एक आठवडा हा, दुसरा आठवडा ती. वाईट असतात असं नाही, काही फार चांगले असतात, पण पेशंटला प्रत्येक वेळी पहिल्यापासून गोष्ट सांगायला लागते आणि ह्या लोकांना एकदा सांगायचंसुद्धा जिवावर येतं, मग ते सांगतच नाहीत. ईग बेटावर पूर्वी डॉक्टर राहायचे, आता स्काय बेटावरून बोटीने येतात. आमच्याकडेही तसंच काहीतरी होईल.

सगळ्यात जास्त मला घरी जाणाऱ्या माणसांबद्दल लिहायचंय, म्हणजे ज्यांना शेवटचे दिवस घरी काढायचेत. कॅन्सरचा पेशंट, रेगमोरने सांगितलंय की आता ट्रीटमेंट नाही, आणि त्याला स्वतःच्या खिडकीतून समुद्र बघत जायचंय. शंभर मैलांवरच्या वॉर्डात त्याला भेटायला ऐंशी वर्षांची बायको रोज कशी जाणार. तर डॉक्टर आणि डिस्ट्रिक्ट नर्स मिळून ते घरीच करतात. मी एक डबा भरते, त्यात मॉर्फीन, मिडाझोलम, मळमळीचं, छातीतली घरघर कमी करायचं, अशी इंजेक्शनं असतात, तो डबा आधीच घरात नेऊन ठेवायचा, म्हणजे रात्री दोनला दुखायला लागलं तर औषधासाठी पळापळ नको. बर्फाचा अंदाज आला की डॉक्टर माझ्याकडे येतात आणि म्हणतात, जास्तीचं भरून ठेव, रस्ता बंद व्हायच्या आत मी देऊन येतो. आणि मग तिथे बसतात. डोस देऊन झाला तरी बसतात, चहा घेतात, त्या घरातल्या मुलाची शाळा कशी चाललीय विचारतात, आणि नातेवाइकांना सांगतात की आता श्वास असा असा बदलेल, घाबरू नका, त्याला त्रास होत नाहीये. मी एका घरी डबा द्यायला त्यांच्याबरोबर गेले होते तेव्हा हे बघितलं. माझे वडील चिपळूणला गेले तेव्हा आयसीयूच्या बाहेर आम्हाला कोणी काहीच सांगितलं नव्हतं. म्हणून असेल, मला ते फार मनाला भिडलं.

इमर्जन्सीचीही भीती घालत नाही, पण खरं सांगते. अँब्युलन्स दुसऱ्या कॉलवर लांब गेलेली असली तर डॉक्टरच पहिले पोचतात. २०१५ पासून नॉर्थ कोस्ट ५०० नावाचा टुरिस्ट रूट जोरात चालतोय, उन्हाळ्यात कॅम्परव्हॅन आणि मोटरसायकली, वळणं न कळणारे ड्रायव्हर. बेसिक्स स्कॉटलंड नावाची संस्था गावच्या डॉक्टर-नर्सना अपघाताच्या जागी काय करायचं ते शिकवते, सँडपायपर ट्रस्ट नावाच्या संस्थेकडून इमर्जन्सीच्या सामानाची बॅग मिळते, ती गाडीच्या डिकीत कायम. फोनवर रिट्रीव्हल टीमचे, म्हणजे गंभीर पेशंटला मोठ्या हॉस्पिटलात हलवणाऱ्या पथकाचे, स्पेशालिस्ट असतात, गरज पडली तर ते उडून येतात. म्हणजे तुम्ही एकटे असता पण अगदी एकटे नसता. आमचे डॉक्टर आता रात्री अपघाताला जात नाहीत, नजर कमी झालीय आणि रस्त्यात हरणं येतात. हे त्यांनी स्वतःहून ठरवलं.

थोडा इतिहास सांगते कारण तो तुमच्या कामाचा आहे. १९११ चा नॅशनल इन्शुरन्स कायदा पगारदार कामगारांसाठी होता, क्रॉफ्टरला पगारच नाही, मग त्याचा डॉक्टर कोण देणार, म्हणून सर जॉन ड्यूअर यांच्या अध्यक्षतेखाली कमिटी नेमली. ती हायलंडभर आणि बेटांवर फिरली, लोकांच्या साक्षी घेतल्या. साक्ष देणाऱ्यांत बॅलाहूलिशच्या स्लेट खाणींचे डॉक्टर लाखलन ग्रँट होते, ज्यांना १९०२ मध्ये खाण कंपनीने काढल्यावर कामगार त्यांच्या पाठीशी उभे राहिले होते. १९१२ च्या शेवटी रिपोर्ट आला आणि १९१३ मध्ये हायलंड्स अँड आयलंड्स मेडिकल सर्व्हिस सुरू झाली, सरकारने वर्षाला ४२,००० पौंड मंजूर केले. डॉक्टरला पोटापुरतं उत्पन्न, प्रवासखर्च, बरं घर, आणि सुट्टीवर जाता यावं म्हणून बदली डॉक्टर, हे सगळं त्यातून यायला लागलं. १९३३ मध्ये आयले बेटावरच्या एका मच्छीमाराला विमानाने ग्लासगोकडे नेलं, ती इथली पहिली एअर अँब्युलन्स. एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्य सेवा, १९४८ ची, म्हणजे तिच्या पस्तीस वर्षं आधी ह्या सगळ्यात मागास समजल्या जाणाऱ्या मुलखात सरकारी पैशाने डॉक्टर पोचवायची सुरुवात झाली. मला ह्याचा अभिमान वाटतो, मी इथली नसून वाटतो. आणि रागही येतो, कारण ड्यूअर कमिटीसमोर डॉक्टरांनी ज्या तक्रारी मांडल्या, घर, सुट्टी, एकटेपण, त्याच आज जाहिरात वाचून फोन करणारे तरुण डॉक्टर विचारतात.

मग तुम्हीच का? आपल्या आधीच्या पिढीतले भारतीय डॉक्टर वेल्सच्या कोळशाच्या गावांत आणि इंग्लंडच्या गिरणगावांत गेले, जिथे इथल्या डॉक्टरांना जायचं नव्हतं. तेव्हा त्यांना दुसरा मार्ग फारसा नव्हता. तुम्हाला आहे, म्हणून मी हक्काने नाही, विनंती करून सांगतेय. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी बाँडचं वर्ष पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, काढलंय, लाइट नसताना डिलिव्हरी केलीय, साप चावलेल्याला जीपमध्ये घालून पाठवलंय, आणि पेशंट जे बोलतो त्याच्या मागचं ओळखायला शिकलाय. लंडन-मँचेस्टरमध्ये त्या वर्षाला कोणी विचारत नाही. इथे ते कामाला येईल.

अडचणी लपवत नाही. डिसेंबरमध्ये सूर्य नऊनंतर उगवतो आणि साडेतीनच्या सुमाराला मावळतो, पहिला हिवाळा जड जातो, मला गेला. जोडीदाराला नोकरी मिळेलच असं नाही. मुलांना मोठ्या शाळेसाठी लांबची बस. गणपतीला चार माणसं हवी असतील तर ग्लासगो-एडिंबरापर्यंत जावं लागतं. आणि व्हिसा. जीपी ट्रेनिंग तीन वर्षांचं, कायम राहायचा हक्क मिळायला आत्तापर्यंत पाच वर्षं लागत होती, मधल्या काळात व्हिसासाठी स्पॉन्सर, म्हणजे नोकरी देणारी संस्था, लागतो आणि लहान प्रॅक्टिसकडे बहुतेकदा स्पॉन्सर करायचं लायसन्स नसतं. हे नियम बदलतायत त्यामुळे तेव्हाचं तेव्हा बघून घ्या, पण इंटरव्ह्यूच्या आधीच सरळ विचारा की स्पॉन्सर कोण करणार, हेल्थ बोर्डाची नोकरी असेल तर बोर्डाकडे लायसन्स असतं. विचारायला लाजू नका.

अजून एक, आणि हे गावातल्या लोकांनाही मी बोलून दाखवलंय. आमच्या डॉक्टरांसारखं आयुष्य तुमच्याकडून कोणी मागू नये. जीपींच्या २००४ च्या सरकारी करारात डॉक्टरांना रात्रीची जबाबदारी सोडायची मुभा मिळाली, पण आमच्या डॉक्टरांनी ती जबाबदारी सोडली नाही, वर्षानुवर्षं रात्रंदिवस तेच होते, मुलांची किती नाटकं आणि वाढदिवस त्यांनी बघितले नाहीत ते त्यांच्या बायकोला विचारा. दोन डॉक्टरांनी मिळून जागा घ्या, अर्धी-अर्धी. रात्री वाटून घ्या. सुट्टीवर जा आणि फोन बंद ठेवा. गाव शिकेल. सांभाळायला हवीय ती ओळख, आणि तीही चाळीस वर्षांची लागत नाही. एक हिवाळा ते शेजारी असताना काढा, त्यांच्याबरोबर व्हिजिटला जा, कोणाच्या घरी काय बोलायचं नसतं आणि कोणाला दोनदा विचारल्याशिवाय खरं उत्तर मिळत नाही ते कळेल. ते सांगायला तयार आहेत. मीच त्यांना विचारलं, हे पत्र लिहू का, म्हणाले, लिही, पण नदीत मासे मिळतात हेही लिही.

तर ट्रेनिंगमध्ये असाल तर स्कॉटलंडच्या रूरल प्रोग्रामबद्दल माहिती काढा, संपलं असेल तर एक वर्षाची रूरल फेलोशिप असते. आणि नुसतं बघायचं असेल तर कुठल्याही हायलंडच्या सर्जरीला पत्र लिहा की आठवडाभर येऊ का, बहुतेक जण हो म्हणतील. मे महिन्यात या असं सगळे सांगतील, तेव्हा रात्री दहालाही उजेड असतो आणि सगळं सुंदर दिसतं. मी म्हणते नोव्हेंबरमध्ये या. जोडीदाराला बरोबर आणा, हा निर्णय एकट्याने घ्यायचा नसतो. आमच्याकडे आलात तर राहायची सोय करू आणि जेवण माझ्याकडे, कोकम चिपळूणहून येतं.

तुमची,
मूळची चिपळूणची, आता सदरलंडची एक डिस्पेन्सर